गौरव्वाचं गोंदण

तुळसव्वा धोत्रेनं आपल्या छातीतला दगड पहिल्यांदा पाहिला तो एका सोमवारी सकाळी, सोलापूरच्या विजापूर रस्त्यावरच्या पेशीशिक्षण केंद्रात. खोलीत अंधार केला होता. समोरची अख्खी भिंत पडदा झाली होती आणि त्या पडद्यावरच्या निळसर पाण्यात काहीतरी संथपणे सरकत होतं. त्याला धड आकार नव्हता. एक हात पुढं टाकायचं, मग सगळं अंग त्या हातात ओतून घ्यायचं, की पुन्हा नवा हात.

"मावशी, ह्या तुमच्या आहेत," डॉक्टर नसीम बागवान म्हणाल्या. "काल तुमच्या फुफ्फुसात मिठाचं पाणी सोडून परत ओढून घेतलं ना, त्यात आलेल्या पेशी. अजून जिवंत आहेत."

तुळसव्वा खुर्चीत पुढं सरकली. त्या प्रत्येक थेंबाच्या पोटात बारीक कण होते आणि उजेड फिरला की लकाकत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही गारगोटी हाय," ती म्हणाली.

"तुम्ही ओळखलीत?"

"पाच वरसं दळलीय की मी. न ओळखून कसं चालंल?"

खरंच होतं ते. धोत्रे वडार समाजातले. दगड हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तुळसव्वा बारा वर्षांची असताना तिच्या बापानं टोळीबरोबर घाट उतरून कोकणात मुक्काम हलवला. कणकवलीच्या पुढं खैरवणे नावाच्या गावात गारगोटी दळायची गिरणी होती. तिथली पांढरी पिठी पोत्यांत भरून काचेच्या कारखान्यांना जायची. तुळसव्वा आणि तिच्याहून तीन वर्षांनी मोठी गौरव्वा, दोघी बहिणी पोती भरायच्या. पाच वर्षांत गौरव्वा खोकत खोकत वाळली आणि विसाव्या वर्षी गेली. बापानं तिला तिथंच माती दिली, टोळी सोडली आणि उरलेल्या लेकीला घेऊन सोलापूर गाठलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. तुळसव्वाचं लग्न झालं, नवरा गेला, लेक ईश्वरी मोठी होऊन चादरीच्या कारखान्यात मागांवरची नक्षी आखू लागली. गिरणी मागं राहिली असं तुळसव्वा धरून चालली होती.

डॉक्टर बागवानांना समजावून सांगायची हौस होती. "ह्यांना महाभक्षी पेशी म्हणतात, इंग्रजीत मॅक्रोफेज. अंगात जंतू दिसला, कचरा दिसला, मेलेली पेशी दिसली की ह्या गिळतात आणि पचवतात. पण गारगोटी पचत नाही. कण पोटात टोचतो, पेशी मरते. मरताना हाक मारते. ती ऐकून दुसऱ्या धावत येतात, सांडलेला कण उचलतात, आणि त्याही मरतात."

"म्हंजे तोच कण?"

"तोच. चाळीस वर्षं. ह्या न संपणाऱ्या मारामारीला आम्ही जुनाट दाह म्हणतो."

त्या दाहातच गाठ जन्मली होती. महाभक्षी पेशींचे स्वभाव दोन. शत्रूवर तुटून पडायचं हा एक, आणि मारामारी निवली की जखम भरून काढायची हा दुसरा. जखम भरताना त्या नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, आजूबाजूच्या पेशींना वाढा म्हणतात आणि बाकीच्या लढवय्या पेशींना गप्प बसवतात. जिथं मारामारी निवतच नाही तिथं हे दोन स्वभाव एकमेकांत गुंतून जातात. अशा जागी एखादी पेशी बिघडून कर्करोगाची झाली, तर ती स्वतःला जखम म्हणून खपवते. मग अंगाचे हे राखणदारच तिला रक्त पुरवतात आणि पदराआड लपवतात. तुळसव्वाच्या उजव्या फुफ्फुसातली बोराएवढी गाठ अशीच पोसली गेली होती. तिचा जवळजवळ निम्मा भाग महाभक्षी पेशींचाच होता.

"इतक्या दगडाळ फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झेपणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून मी उजळणी सुचवते."

हा शब्द केंद्रातल्याच कुणीतरी रूढ केला होता. पाढे विसरलेल्या पोरांकडून मास्तर उजळणी करून घेतात, तशी ही पेशींची उजळणी. रक्त घडवणाऱ्या मूळपेशी हाडाच्या मगजातून काढायच्या, त्यांच्या जनुकांत दोन बारीक दुरुस्त्या करायच्या आणि पुन्हा अंगात सोडायच्या. त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या महाभक्षी पेशी गाठीला जखम समजत नाहीत. आणि जे पचत नाही ते धरून बसत नाहीत, बाहेरच्या वाटेला लावतात. जुन्या पेशी औषधानं हळूहळू घालवायच्या. चार महिन्यांचं काम. दहांतली सात माणसं उठून घरी जात होती.

"मग कधी सुरू करायचं?" ईश्वरीनं विचारलं. ती इतका वेळ आईच्या खुर्चीमागं उभी होती.

डॉक्टरांनी मात्र तुळसव्वाच्या डाव्या हाताकडं पाहिलं. मनगटापासून वर एक मोर गोंदलेला होता, हिरवट काळा, वेडावाकडा. त्याला पाय एकच होता. पिसारा ठिपक्याठिपक्यांनी कोपराच्या पुढं निसटला होता.

"हे कुणी गोंदलं, मावशी?"

"अक्कानं. गौरव्वानं. काजळ आन्‌ सुई घिऊन."

"ही शाईसुद्धा ह्याच पेशींनी धरून ठेवलेली असते. नव्या पेशी ती धरणार नाहीत. चार महिन्यांत हात कोरा होईल. पुन्हा गोंदलं तरी टिकणार नाही."

तुळसव्वानं पदर हातावर ओढला आणि उठून उभी राहिली. "मग न्हाई," ती म्हणाली. "ईश्वरी, चल घरला."

घरी, चौथ्या मजल्यावरच्या दारात कुलूप काढताना ईश्वरीचा बांध फुटला.

"एका मोरासाठी, आई? फोटो काढून ठेवू. भिंतीएवढा करून लावू."

"फोटो माझ्यासंगं यील का वर?" तुळसव्वा धापा टाकत उंबऱ्यावरच बसली. "सोनंनाणं हितंच काढून घेत्यात. लुगडं जळतं, न्हाईतर कुजतं. बाईसंगं गोंदण तेवढं जातं. माझी आय म्हणायची, तिची आय म्हणायची. अक्काचा एक फोटो न्हाई आपल्याकडं. तिचं अक्षर न्हाई, तिला लिहाया येत न्हवतं. तिच्या हातचं एवढंच हाय. मी कोऱ्या हातानं गेले, तर एवढ्या गर्दीत ती मला वळखंल कशानं? मी सतरा वरसांची होते तवा. आता म्हातारी झाले."

"आणि मी? मी जिवंत आहे ना?" ईश्वरीचा आवाज चिरकला. "मेलेल्या बहिणीसाठी जित्या लेकीला टाकून निघालीस?"

त्या आठवड्यात दोघी एकाच ताटातली भाकरी मोडून खात होत्या आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या.

पुढच्या सोमवारी तुळसव्वा एकटीच रिक्षा करून केंद्रात गेली. डॉक्टर बागवान डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी अर्धी भाकरी तिच्यापुढं केली.

"बाई, एक इचारायचंय. अक्कानं गोंदलं तवा ज्यांनी शाई उचलली, त्या पेशी अजून हायत का माझ्या हातात?"

"नाही, मावशी. त्या केव्हाच मेल्या. मरताना त्यांनी शाई खाली टाकली, शेजारणींनी उचलली. त्या मेल्यावर आणखी पुढच्यांनी. शाई जागची हलली नाही, धरणारे हात बदलत गेले."

तुळसव्वा घास हातात धरून थांबली. "छातीत गारगोटीचं जे हुतंय, तेच की हे."

"तेच. खोड एकच आहे त्यांची. जे पचत नाही ते सोडायचं नाही."

तिनं मोरावरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं तिला न सांगता तिच्या कातडीखाली बायकांची एक रांग लागली होती. एक खाली बसत होती, दुसरी तिच्या डोक्यावरची पाटी उचलून आपल्या डोक्यावर घेत होती. तिला त्यांची दया आली. रागही आला.

"मला एक महिना द्या," ती म्हणाली. "अक्काला इचारून येते."

ईश्वरीनं रजा काढली. आईला एकटं सोडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. बोलत तरीही नव्हती. दोघी बसनं घाट उतरल्या. वळणावळणाला धुकं खिडकीशी येऊन आत बघत होतं आणि तुळसव्वाला वाटत होतं की आपण खाली उतरत नाही, वर्षं मागं मागं सोलत चाललोय. चाळीस, तीस, वीस.

खैरवण्यात गिरणी नव्हती. तिच्या जागी एक तळं होतं. गिरणीनंतर खोदलेल्या खाणीत पाणी साठलेलं, तळाशी पांढरी माती, त्यामुळं पाणी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखं दिसत होतं. काठावर केवड्याचं बन माजलं होतं. पलीकडं तेव्हा एक आंब्याचं झाड होतं, त्याच्या खाली गौरव्वाला पुरलं होतं. आता ना आंबा होता, ना ती जागा. तुळसव्वा पाण्याकडं तोंड करून उभी राहिली. विचारायचं ते मनातल्या मनात विचारलं. पाण्यावरून एक बगळा उडाला, एवढंच.

"आई, गावात कुणी असेल त्या वेळचं," ईश्वरी म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं हे पहिलं बोलणं.

वाडीत तिसऱ्या घरी शेवंती तांबे सापडली. साठीची, काटकुळी बाई, पडवीत उशांच्या उताराला टेकून बसलेली. गिरणीत ती पोत्यांची तोंडं शिवायची. तुळसव्वाला ती अंधुक आठवत होती.

"खंयसून... इलात?" शेवंतीनं विचारलं. दोन शब्द बोलली की तिला थांबावं लागत होतं.

"सोलापूरहून. मी गौरव्वाची बहीण. तुळसा."

शेवंतीचे डोळे मोठे झाले. तिनं पोलक्याची बाही वर सारली. हातावर मोर होता. हिरवट काळा, एक पाय, कोपराच्या पुढं निसटलेला पिसारा.

तुळसव्वा खाली बसली. तिनं आपला हात त्या हाताशेजारी ठेवला. दोन मोर एकमेकांकडं चोच करून उभे राहिले. ईश्वरीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

"तिनाच... गोंदल्यान," शेवंती म्हणाली. "आमी सात जणी. सगळ्यांका... ह्योच मोर. तिका दुसरा... येय नसा." ती हसली, हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला तुळसव्वानं ओळखला. कोरडा, खोलवरचा, दगडाचा. "सगळ्यो गेल्यो. मी एकटी... उरलंय."

"अक्काच्या हातावर पण होता का?"

"होतो तर. तो... मी गोंदलंय."

अजून पुष्कळ विचारायचं होतं. पण शेवंतीच्या सुनेनं डोळ्यांनीच विनवलं, आता पुरे. निघताना तुळसव्वानं शेवंतीच्या मोरावर तळहात ठेवला. कातडी ऊन होती.

परतीच्या बसमध्ये घाट चढून झाल्यावर ती ईश्वरीला म्हणाली, "कर म्हण त्या डॉक्टरीणबाईला."

"खरंच?"

"अक्काचा मोर हाय की तिकडं शेवंताच्या हातावर. माझा गेला तर जाऊ दे."

ईश्वरीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सोलापूर येईस्तोवर उचललं नाही.

ते चार महिने तुळसव्वाला पुढं नीट सांगता आले नाहीत. मगज काढला त्या दिवशी कंबर दुखली. दुरुस्त केलेल्या पेशी परत दिल्या त्या दिवशी तर एक छोटी पिशवी खांबाला टांगलेली, त्यातून थेंब थेंब, बस. मग ताप आला आणि दिवस एकमेकांत विरघळले. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक पट्टा पलंगावर यायचा. तापात तिला तो पट्टा वाहता दिसायचा. त्याच्यावरून बायका चालत यायच्या, पदर खोचलेल्या, अनोळखी. त्या तिच्या छातीत शिरायच्या, जुन्यांच्या डोक्यावरच्या पाट्या उतरवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, बसा आता, तुमचं झालं. जुन्या बाया आधी बसायलाच तयार नव्हत्या. उभ्यानंच झुलत राहायच्या. मग एकेक खाली टेकायची, भिंतीला पाठ लावायची, आणि झोपी जायची. तुळसव्वा झोपेतच त्यांच्यासाठी अंथरूण घालायला उठू बघायची. नर्स तिला परत निजवायची.

दुसऱ्या महिन्यात खोकल्यातून पांढरं पडू लागलं. ईश्वरी वाटी घेऊन उभी राहायची. वाटीच्या तळाशी चिमूटभर पिठी बसायची, बोटांत चोळली तर चरचरणारी. डॉक्टर बागवान ती पुड्यांत बांधून प्रयोगशाळेत पाठवत होत्या आणि प्रत्येक पुडीवर तारीख लिहीत होत्या.

मोर आधी पिसाऱ्याकडून गेला. ठिपके एकेक करून विझले. मग पाठ फिकी झाली, मान गेली. चोच सगळ्यांत शेवटपर्यंत राहिली, आठवडाभर नुसती चोच. एका सकाळी तीही नव्हती. तुळसव्वा रडली नाही. ती हात उजेडात धरून वळवत राहिली. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसा तो दिसत होता, कोवळा आणि अनोळखी.

गाठ आक्रसून मुगाएवढी झाली, मग तपासणीच्या चित्रांतून नाहीशी झाली. डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हा पावसाळा सरला होता.

दसऱ्याच्या आधी चार दिवस खैरवण्याहून शेवंतीच्या सुनेचा फोन आला. "आईंका आता पायरी चढूक जमणा नाय. तालुक्याचो डॉक्टर म्हणता, फुफ्फुसात डाग आसा, आता काय करूक होवचा नाय. तुमची आठवण काढतत, म्हणान फोन केलंय."

"जपा त्यांना," तुळसव्वा म्हणाली, आणि फोन ठेवला.

उजळणीचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. तिकडं त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी ठाऊक होईल कदाचित, पण पुढच्या वर्षापर्यंत शेवंती टिकणार नव्हती. जगात गौरव्वाच्या हातचा एकच मोर उरला होता. तो तसाच राहिला, शेवंतीबरोबर गेला, तर वर गौरव्वाला निदान तो तरी मिळाला असता. मी काही केलं नाही, तुळसव्वा स्वतःला सांगत होती. मी फक्त बोलले नाही. फोन आल्याचंही तिनं ईश्वरीला सांगितलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. दोन्ही दिवस तिच्या हातून भाकरी करपली.

तिसऱ्या दिवशी इमारतीची लिफ्ट बंद होती. तुळसव्वा गिरणीतून ज्वारीचं पीठ घेऊन आली, दहा किलोचा डबा कमरेवर. डब्यासकट जिना चढली. शेजारची मुल्ला आजी तिसऱ्या मजल्यावर भेटली, तिच्याशी दोन शब्द बोलून पुढं गेली. चौथ्या मजल्यावर डबा खाली ठेवला आणि कुलपाला किल्ली लावताना तिच्या लक्षात आलं की दम घ्यायला आपण एकदाही थांबलो नाही. छाती शांतपणे वरखाली होत होती. जणू शेवंतीचं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तिकडं शेवंतीला एक पायरी चढवत नव्हती.

तुळसव्वा तिथंच, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिला स्वतःची शिसारी आली. मग तिनं फोन काढला.

"मी बोलतेय, तुळसा. शेवंताबाईला हिकडं आणा. आजच निघा. न्हाई, थांबा, मीच येते न्यायला."

केंद्रात शेवंतीची पलंगावर व्यवस्था झाली तेव्हा तिच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. नर्सनं कापसानं तिचा हात पुसला. मोर ओला होऊन चमकला.

"ह्यो... जातलो म्हणतत," शेवंती म्हणाली.

"व्हय. जाईल."

"तुजो... गेलो?"

तुळसव्वानं हात दाखवला. मग तिला राहवलं नाही. "शेवंताबाई, तुमच्या सुनंचा फोन आला तवा मी गप बसले. तीन दिस. ह्या मोरासाठी. तुमास्नी मरू दिलं असतं मी."

शेवंतीनं डोळे मिटले. तुळसव्वाला वाटलं, आता ती तोंड फिरवणार.

"तीनच... दिवस?"

"व्हय."

"मगे... बरा," शेवंती म्हणाली आणि डोळे न उघडता तिचा हात घट्ट धरला. "म्हयनो... लावलं असतंस... तर मी... इलंय नसतंय."

डॉक्टर बागवान आत आल्या. त्यांनी दोघींकडं पाहिलं, हातातला कॅमेरा दाखवला. "मोराचा फोटो घेऊ का, सुरू करण्याआधी?"

"नगं," तुळसव्वा म्हणाली. "वर फोटोचं काय काम न्हाई, बाई. तिथं गेल्यावर मीच अक्काला वळखीन. एवढं काय अवघड हाय त्यात?"

ईश्वरीनं मात्र गुपचूप फोटो काढून ठेवला. तिच्या कारखान्यात त्या हिवाळ्यात एक चादर निघाली, तिच्या चारी कोपऱ्यांत एका पायाचे मोर होते. ती गोष्ट तुळसव्वाला पुष्कळ उशिरा कळली आणि ती ईश्वरीवर थोडी रागावली, थोडी नाही.

शेवंतीची उजळणी तुळसव्वाच्या उजळणीहून अवघड गेली. दोनदा वाटलं, हातची जाते. फेब्रुवारीत एका सकाळी डॉक्टरांनी तिची नळी काढली आणि दोन दिवसांनी म्हणाल्या, हिंडायला न्या.

तुळसव्वानं तिला सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेलं. दोघी पायऱ्यांवर बसल्या. पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि देऊळ त्यावर तरंगल्यासारखं दिसत होतं. दोघींचे हात कोरे होते. शेवंतीनं एक श्वास घेऊन पाहिला, मग दुसरा, नव्या पायताणात पाय घालून बघावा तसा. आणि एकदम बोलू लागली. ज्या बाईला दोन-तीन शब्दांवर थांबावं लागायचं, ती थांबेना.

"तुका आठवता, गौरी एका ऐतवारी कणकवलीच्या बाजारात गेलेली?"

"व्हय की. मला रिबिनी आणणार हुती. आणल्याच न्हाईत. मी दोन दिस बोलले न्हवते तिच्याशी."

"बाजारात खंयची जाता! आमी दोघी ट्रकात बसान आचऱ्याक गेलंव. समुद्र बघूक. तिना कधी बघूक नव्हतो. थंय रापण लागलेली. वीस-पंचवीस माणसां दोर ओढी होती, जाळा येय ना. ही आपली बघता, बघता, मगे पदर खोचल्यान आणि सरळ दोराक हात घातल्यान. म्हातारो रापणकार वरडलो, ए पोरी, बाजूक हो! ही ऐकता खंय? पाय वाळूत रुतवल्यान आणि मोठ्यान हाळी दिल्यान, तुमच्या वडारांची, दगड ढकलतास तेव्हाची."

"हय्या रं," तुळसव्वा पुटपुटली.

"तीच! एकदा, दोनदा. तिसऱ्या हाळयेक सगळी रापण तिच्या तालार ओढूक लागली. बापये सगळे, आणि पुढे ही. जाळा इला काठार, बांगडेच बांगडे, चांदीसारखे उडतत. रापणकारान तिच्या वट्यात इतके घातल्यान, इतके घातल्यान..." शेवंतीनं दोन्ही हातांनी ओटी करून दाखवली. "आमी थंयच भाजलंव. वाळूत बसान. गौरी खाता आणि हसता, खाता आणि हसता. माका म्हणता कशी, शेवंते, तुळशीक सांगा नको हां, ती रडात, माका का नाय नेलंस म्हणान. तिका मी पुढच्या ऐतवारी आणतलंय."

गौरव्वा तिला चाळीस वर्षं एकाच जागी दिसत आली होती, भिंतीशी, गुडघ्यात मान घालून खोकताना. आता ती वाळूत पाय रुतवून उभी होती, मागं वीस पुरुष, पुढं सगळा समुद्र, आणि हाळी देत होती.

धुकं विरत होतं. देवळाचा कळस उन्हात आला. तुळसव्वानं शेवंतीचा हात हातात घेतला, तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

"मग?" तिनं विचारलं. "मग काय झालं?"

"सांगतंय गो, सांगतंय," शेवंती म्हणाली आणि छातीभर श्वास घेऊन पुढचं सांगू लागली.